मुलांच्या अंगावरचे काळे-निळे डाग: कुठले सोडून द्यायचे, कुठल्यांसाठी दवाखाना गाठायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दोन्ही नडग्यांवर कायम काळे-निळे डाग असतात. गेल्या आठवड्यात अंघोळ घालताना पाठीवरही एक मोठा डाग दिसला, तो कसा पडला ते त्याला सांगता येत नाही. तुम्ही दोघंही नोकरी करता, त्यामुळे दिवसभर तो पाळणाघरात असतो. सासूबाई म्हणतात अंगात रक्त कमी आहे, आणि शेजारणीच्या ओळखीतल्या एका मुलाला असंच सुरू होऊन पुढे रक्ताचा कॅन्सर निघाला. रक्त तपासावं का, की तुम्ही उगाच घाबरताय, असं तुम्ही विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात सतत ऐकते. त्यात बहुतेकदा दोन भीती एकत्र असतात. एक उघड बोलली जाते: रक्ताचा काही आजार तर नाही ना? दुसरी पालक ओठांवर आणत नाहीत: माझ्या मुलाला कोणी मारतंय का? पाळणाघराचा उल्लेख तुम्ही सहज केलेला नाही, असं मला वाटतं. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते.

मुलाला न बघता निदान करता येत नाही. डाग नेमका कुठे आहे, हाताला टणक लागतो का, तळवे फिके आहेत का, पोटात यकृत किंवा प्लीहा हाताला लागते का, मानेत-काखेत गाठी आहेत का, हे तपासल्याशिवाय कुणीही ठामपणे ‘काही नाही’ किंवा ‘काहीतरी आहे’ म्हणू नये. पण आम्ही डॉक्टर कसा विचार करतो ते सांगता येईल. त्यावरून तुमचा मुलगा कुठे बसतो हे तुम्हालाही बरंचसं कळेल.

आधी डाग मोजणं थांबवा. चालतं-पळतं मूल घरी आलं आणि नडगीवर एकही डाग नाही, असं क्वचितच होतं. नडगीच्या पुढच्या बाजूला हाड थेट कातडीखाली असतं, मध्ये गादीसारखं मांस नाही. पलंगाचा कोपरा, सायकलचं पॅडल, घसरगुंडीची पायरी, काहीही लागलं तरी कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळतं. गुडघे, कपाळ, हनुवटी, कोपर यांचंही तेच. खेळताना मूल पुढे पडतं, आणि पुढच्या बाजूला जिथे हाड वर आहे तिथे लागतं. हे डाग सहसा नाण्याएवढे असतात, सपाट असतात आणि एक-दोन आठवड्यांत विरतात. नडग्यांवर असे दहा डाग असले तरी मी एवढ्यावरून रक्त तपासायला सांगत नाही.

रंगावरून डाग किती जुना ते ठरवायलाही जाऊ नका. लाल, मग निळा, मग हिरवा, मग पिवळा अशी ठरलेली साखळी अनेकांना पाठ असते, पण प्रत्यक्षात ती इतकी शिस्तीत चालत नाही. एकाच वेळी पडलेले दोन डाग शेजारी-शेजारी वेगवेगळ्या रंगांचे दिसू शकतात. पिवळेपणा पहिल्या 18 तासांत सहसा दिसत नाही, एवढंच त्यातल्या त्यात सांगता येतं. म्हणून ‘हा डाग सोमवारचाच, म्हणजे पाळणाघरातच पडला’ असा निष्कर्ष रंगावरून काढू नका, आणि कोणी काढून दिला तर मानू नका. सावळ्या त्वचेवर तर डाग रंगाने कमी आणि हाताला जास्त कळतो. दिवसाच्या उजेडात बघा आणि बोट फिरवून कडकपणा लागतो का ते पाहा.

डाग जागाही बदलतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. कपाळावर टेंगूळ आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते रक्त खाली उतरतं आणि पापण्या काळ्या पडतात. घरातले घाबरतात, पण टेंगूळ समोर दिसत असेल आणि मूल खेळतंय-खातंय, तर ते अपेक्षितच आहे. मात्र टेंगूळ नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळं पडलं, किंवा डोक्याला मोठा मार लागल्यावर असं झालं आणि नाकाकानातून पाण्यासारखं काही येऊ लागलं, तर लगेच रुग्णालयात न्या. पहिल्या प्रकारात क्वचित पोटातल्या एका गाठीच्या आजाराची ती खूण असते, दुसऱ्यात कवटीच्या तळाला तडा गेलेला असू शकतो.

मग बघायचं काय? माझ्या मनात चार गोष्टी एकापाठोपाठ येतात: मुलाचं वय, डागाची जागा, डाग पडण्याचं कारण पटतं का, आणि बाकीचं मूल कसं आहे.

वय सगळ्यात आधी. जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही, ते स्वतःला मार लावून घेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या शंभर बाळांत एखाद्याच्या अंगावरही डाग सापडणं मुश्कील. म्हणून तीन-चार महिन्यांच्या बाळावर छोटासा डाग दिसला तरी ते मी त्याच दिवशी बघते. ‘मालिश करताना जरा जोरात रगडलं असेल’, ‘वाळ्याने दाबलं असेल’, ‘खुळखुळा लागला असेल’ ही कारणं मी ऐकते, पण त्यावर थांबत नाही. तान्ह्या बाळावरचा एक डाग मला साडेचार वर्षांच्या मुलाच्या वीस डागांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तान्ह्या बाळांत एक आजार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जन्मल्यावर बाळाला मांडीत ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 मिलिग्रॅम. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असतं. घरी किंवा वाटेत बाळंतपण झालं आणि इंजेक्शन राहून गेलं, तर फक्त अंगावर पिणाऱ्या, दिसायला गुटगुटीत बाळालाही दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत अचानक रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो बऱ्याचदा मेंदूत होतो. त्याआधी कधी कधी अंगावर छोटासा डाग दिसतो, किंवा नाळेतून-नाकातून थोडं रक्त येतं. घरात किंवा ओळखीत तान्हं बाळ असेल तर त्याच्या कार्डावर या इंजेक्शनची नोंद आहे का ते बघा. आईचं दूध बंद करायचं नाही, इंजेक्शन द्यायचं.

याच वयात उलटी गफलतही होते. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मापासून कमरेवर, कुल्ल्यांवर, कधी पाठीवर किंवा खांद्यावर निळसर-राखाडी डाग असतात. ती जन्मखूण आहे, मार नाही. ती दुखत नाही, सपाट असते, आठवडाभराने बघितली तरी तशीच दिसते आणि काही वर्षांत आपोआप पुसट होते. परदेशात राहणाऱ्या मराठी आई-वडिलांना मी आवर्जून सांगते: पहिल्याच तपासणीत या डागांची फाइलमध्ये नोंद करून घ्या. गोऱ्या बाळांचीच सवय असलेल्या ठिकाणी त्यावरून नको त्या शंका निघतात.

आता जागा. तुमच्या मुलाच्या नडग्यांबद्दल मला काळजी वाटत नाही. पाठीचा डाग मात्र मी नीट बघेन. तो मणक्याच्या उंचवट्यावर आहे की बाजूच्या मऊ भागात? झोक्यावरून मागे पडलं, घसरगुंडीच्या पायरीवर आपटलं, तर साडेचार वर्षांच्या मुलाच्या मणक्यावर डाग पडू शकतो. कुशीच्या मऊ भागात पडायला वेगळा मार लागतो. खेळताना सहसा न लागणाऱ्या जागा अशा: कान, मान, गालाचा मांसल भाग, जबड्याचा कोपरा, पापण्या, पोट, छाती, पाठ, कुल्ले, मांड्यांची आतली बाजू. चार वर्षांच्या आतल्या मुलांत धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असेल तर डॉक्टरांनी थांबून विचार करायलाच हवा, हा नियम आता जगभर वापरतात. तुमचा मुलगा त्या वयाच्या थोडा पुढे आहे, पण तत्त्व तेच. कान तर पडताना खांदा आणि डोकं यांच्यामध्ये आपोआप वाचतो. कानाच्या पाळीवर डाग पडला तर कोणी पिरगाळला का, हे विचारणं भाग आहे.

डागाला आकार आहे का, तेही बघा. जमीन, दगड, फर्निचर यांचा डाग बेढब असतो. गालावर बोटांच्या समांतर रेघा, दंडावर चार लहान गोल डाग आणि दुसऱ्या बाजूला एक, पट्ट्याचा किंवा पट्टीचा सरळ वळ, चार्जरची वायर दुमडून मारल्याचा लांबट फास, दातांचं अर्धवर्तुळ: हे अपघाताने उमटत नाहीत. चाव्याच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा की पाळणाघरातली मुलं एकमेकांना सर्रास चावतात. तेव्हा दातांचं वर्तुळ लहान मुलाच्या जबड्याएवढं आहे की मोठ्या माणसाच्या, हा फरक महत्त्वाचा.

कारण पटतं का, यात पालक स्वतःवर उगाच अन्याय करतात. नडगीवरचा डाग कसा पडला ते आईला ठाऊक नसणं अगदी स्वाभाविक आहे, ते मुलालाही ठाऊक नसतं. मोठ्या आणि विचित्र जागेच्या डागाचं कारण मात्र घरात कुणालाच माहीत नसेल, दरवेळी वेगळं सांगितलं जात असेल, किंवा सांगितलेला मार डागाच्या मानाने फारच किरकोळ असेल, तर ते दोनांपैकी एकाकडे बोट दाखवतं. एकतर रक्त गोठण्यात काही उणं आहे, नाहीतर काहीतरी लपवलं जातंय. कुठलं ते घरबसल्या ठरवायचं नाही. आम्हीसुद्धा दोन्ही बाजू एकत्रच तपासतो. रक्ताचा आजार असलेल्या मुलाच्या पालकांवर आळ येऊ नये, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून मार खाणारं मूल पुन्हा त्याच जागी जाऊ नये.

शेवटी बाकीचं मूल. शेजारणीने घातलेल्या भीतीचं उत्तर इथे आहे. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मूल सहसा नुसत्या डागांनी येत नाही. ते फिकं पडलेलं असतं: ओठ, तळहात, पापण्यांची आतली बाजू पांढुरकी दिसते. ताप आठवडेच्या आठवडे येत-जात राहतो. पाय दुखतात म्हणून रात्री उठून रडतं, कधी लंगडतं, कधी कडेवरून उतरायलाच तयार नसतं. खेळणं बंद होतं, वजन उतरतं, मानेत गाठी येतात, पोट भरल्यासारखं दिसतं. यातलं सगळंच असेल असं नाही, पण यातलं एकही नसताना फक्त नडग्यांवरच्या डागांतून ल्युकेमिया निघणं फार विरळा. आणि निघालाच तरी मुलांत सर्वाधिक दिसणारा प्रकार आज बहुसंख्य मुलांत बरा होतो. त्या भीतीने तपासणी लांबवणारे पालक मी बघितलेत. तसं करू नका.

ल्युकेमियापेक्षा जास्त वेळा दिसणारा एक आजार आहे, आयटीपी. सर्दी-तापासारखा विषाणूचा संसर्ग होऊन जातो आणि एक ते चार आठवड्यांनी, काल-परवापर्यंत ठणठणीत असलेल्या मुलाच्या अंगभर अचानक डाग उठतात. सोबत टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके असतात. मूल मात्र मजेत खेळत असतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, नष्ट करू लागते. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात, त्या 20 हजारांच्याही खाली जातात. आकडा बघून घरच्यांचे पाय लटपटतात, पण यातली चारातली तीन मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात, आणि ज्यांना कातडीवरच्या डागांशिवाय कुठून रक्त येत नाही त्यांना नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. औषध द्यायचं की नाही हे आकडा नाही, रक्तस्राव ठरवतो. मारामारीचे खेळ, झाडावर चढणं बंद, दुखण्याच्या गोळ्या बंद, डोक्याला लागलं तर थेट रुग्णालय. एक विनंती मात्र कळकळीने करते: स्मिअर न बघता, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली न तपासता, ‘प्लेटलेट वाढवायला’ म्हणून स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. मुळात ल्युकेमिया असेल तर स्टेरॉइडने तो काही काळ दबतो आणि निदान हुकतं.

त्या बारीक ठिपक्यांची घरगुती परीक्षा सोपी आहे. काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबा. पुरळ किंवा गांधी असेल तर दाबल्यावर फिकी पडते, कातडीखाली रक्त साकळलं असेल तर ठिपका तसाच राहतो. सावळ्या मुलांत तळवे, टाळू आणि पापण्यांची आतली बाजू बघा. खूप रडल्यावर, डांग्या खोकल्याच्या उबळीनंतर किंवा उलट्या झाल्यावर फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर असे ठिपके येऊ शकतात. मूल बाकी ठीक असेल तर ते जातात. पण ताप असताना न विरणारे ठिपके किंवा जांभळे चट्टे दिसले, आणि ते तासातासाला पसरत असतील, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग सकाळपर्यंत थांबत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आपल्याकडे ताप आणि ठिपके म्हटलं की डेंगू आठवायलाच हवा. डेंगूत धोका ताप उतरताना सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, मूल सुस्तावणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, यातलं काही दिसलं तर पपईच्या पानांचा रस आणि किवी शोधण्यात वेळ घालवू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन आणि मेफेनॅमिक ॲसिड नको. शेवटचं औषध आपल्याकडे लहान मुलांच्या तापाला इतकं सहज दिलं जातं की बाटलीवरचं नाव वाचून बघाच.

गावाकडच्या पालकांसाठी आणखी दोन गोष्टी. गवतात किंवा अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या पायाला सूज येऊन ती वर चढत असेल, भोवती काळं-निळं पडत असेल, तर ‘मुका मार’ समजून लेप लावू नका. फुरसं किंवा घोणस चावलेली असू शकते, आणि दातांच्या खुणा दरवेळी दिसत नाहीत. दुसरी गोष्ट उंदीर मारण्याच्या औषधाची. त्यातल्या एका प्रकाराने रक्त गोठायचं थांबतं, पण परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, तोवर मूल छान असतं. मुलाने चाखल्याची शंका जरी आली तरी वेष्टन घेऊन लगेच दवाखान्यात जा.

जन्मजात आजारांकडे आमचं लक्ष वेगळ्याच प्रश्नांनी जातं. कान टोचल्यावर रक्त बराच वेळ थांबलं नव्हतं का? नाळ पडताना वाहिलं होतं का? लसीनंतर मांडीत मोठी गाठ आली होती का? नाकातून रक्त आलं तर नाक दाबून धरूनही दहा मिनिटांपेक्षा जास्त वाहतं का? रांगायला लागल्यावर गुडघा-घोटा सुजतो का? मग कुटुंबाकडे वळतो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो, म्हणून मामा आणि आजोळचे पुरुष विचारतो. पण साधारण एक तृतीयांश मुलांत घराण्यात कुणालाच नसतो. ‘आमच्यात कोणाला नाही’ म्हणून तो निकालात निघत नाही. व्हॉन विलेब्रांड हा त्याहून जास्त आढळणारा आजार मुलींनाही होतो, आणि पहिल्यांदा लक्षात येतो तो पाळीत अतोनात रक्त गेल्यावर. आईची पाळीही वर्षानुवर्षं तशीच असते आणि तिने ती सोसलेली असते. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि मामाच्या किंवा आत्याच्या घरातच लग्न झालेलं असेल, म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांच्या नात्यातले असाल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अशा लग्नांत काही दुर्मीळ आजारांची शक्यता वाढते. त्यात प्लेटलेटची संख्या भरपूर असते पण त्या काम करत नाहीत, किंवा गोठण्याचा तेरावा घटक नसतो आणि नेहमीच्या सगळ्या चाचण्या नॉर्मल येतात. वेगळी तपासणी करावी लागते, ती मुंबईत केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या ठिकाणी होते. निदान झालं तर खर्चाच्या धसक्याने घरी बसू नका. राज्यातल्या काही सरकारी रुग्णालयांत हिमोफिलियाच्या मुलांना फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचं इंजेक्शन, मोफत मिळतं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. ‘रक्त कमी’ म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आणि नुसत्या तेवढ्याने डाग पडत नाहीत. लोहाचं टॉनिक सुरू केल्याने नडग्या स्वच्छ होणार नाहीत. पण त्यांचं निरीक्षण सोडून देऊ नका. मूल फिकं दिसतंय म्हणून त्या तसं म्हणत असतील, तर डाग आणि फिकेपणा दोन्ही एकत्र आहेत, आणि ते तपासायलाच हवं. त्यांना नेमकं काय दिसलं ते विचारा.

मुका मार लागल्यावर आपल्याकडे आंबेहळद-तुरटीचा लेप लावतात. कातडी फाटलेली नसेल तर गार लेप लावायला माझी हरकत नाही. गरम लेप, शेक आणि चोळणं मात्र पहिले दोन दिवस नको, त्याने रक्त आणखी पसरतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरला तर जास्त उपयोग होतो.

आता तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. मुलाला ‘कोणी मारलं का रे?’ असं विचारू नका. या वयाची मुलं मोठ्यांना हवं असलेलं उत्तर देतात, आणि एकदा दिलेलं उत्तर मग त्यांनाच खरं वाटू लागतं. खेळता-खेळता, शांतपणे, ‘पाठीला काय झालं?’ एवढंच विचारा. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पुन्हा-पुन्हा उकरू नका. नवा डाग दिसला तर उजेडात, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, तारीख राहू द्या. पाळणाघरात भांडायला न जाता विचारायला जा: त्या दिवशी कुठे खेळला, कोण सोबत होतं, पडल्याची नोंद आहे का. चांगल्या पाळणाघरातल्या ताई मूल पडलं की संध्याकाळी स्वतःहून सांगतात. उत्तर टाळाटाळीचं वाटलं, तिथे जायच्या वेळी तो अचानक रडू-चिकटू लागला असेल, झोपेत दचकत असेल, अंथरुण पुन्हा ओलं करू लागला असेल, किंवा अंगाला हात लावला की आक्रसत असेल, तर डाग विरायची वाट बघू नका.

हीच नजर घराकडेही वळवावी लागते, आणि ते अवघड असतं. मारणारं माणूस बहुतेकदा ओळखीचं, घरातलं असतं, कधी स्वतःही थकून गेलेलं. वळ उठेल इतकं मारणं ही शिस्त नव्हे, मग ते वडिलांनी केलेलं असो, आजोबांनी किंवा शिकवणीच्या सरांनी. शाळेत मुलांना मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आणि मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी केलेली क्रूरता 2015 च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा ठरते. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालते, फोन मोफत असतो, आणि सल्ला विचारायलाही तिथे फोन करता येतो. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. तुमच्या डॉक्टरांशी एकट्यानेही बोला. आम्हाला असं सांगणारी आई भांडखोर वाटत नाही.

तुम्ही काय करावं? तुमच्या लिहिण्यात ताप नाही, फिकेपणा नाही, हिरड्या-नाकातून रक्त नाही, मूल खेळतंय. त्यामुळे आज रात्री धावपळ करायची गरज मला दिसत नाही. पण पाठीवरच्या डागाचं कारण कळलेलं नाही, म्हणून या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना मुलाचे सगळे कपडे काढून नीट तपासायला सांगा. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), स्मिअर, आणि त्यांना गरज वाटली तर पीटी व एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या) या चाचण्या करून घ्या. मुलांचं रक्त शक्यतो मुलांची सवय असलेल्या ठिकाणी काढा. रडारडीत सुई नीट लागली नाही आणि रक्त नळीतच गोठलं, तर प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही तर एपीटीटीही चुकते. म्हणून एखादा आकडा भीतिदायक आला आणि मूल ठणठणीत असेल, तर आधी नवीन नमुन्यावर तीच चाचणी पुन्हा करायला सांगा. उलट रिपोर्ट नॉर्मल आले, पण विचित्र जागी नवे डाग पडतच राहिले, तर रिपोर्टवर समाधान मानू नका.

या दरम्यान हिरड्यांतून किंवा लघवी-शौचातून रक्त दिसलं, काळी शी झाली, अंगभर ठिपके उठले, सांधा सुजला, किंवा डोकं आपटल्यावर उलट्या सुरू झाल्या किंवा गुंगी आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच क्षणी न्या. रिपोर्ट आल्यावर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि स्मिअरखाली लिहिलेली ओळ, एवढं मला कळवा. सोबत पाठीवरचा डाग नेमका कुठे होता आणि पाळणाघरातून काय उत्तर मिळालं, तेही लिहा.